मिठबावच्या वळणावर

कुबलकाकींच्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या,
आणि एक वेबसाइट.
ती मी केली.
देवगडात माझं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड,
आणि पाटीवर शेवटी, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं,
वेबसाइट बनवून मिळेल.

पहिल्याच पानावर मी समुद्र ठेवला.
अख्खा. ड्रोननं काढलेला.
लाट उठली की गाज आपोआप सुरू,
ती बंद करायचं बटण नंतर मलाही सापडेना.
अक्षरं पिवळी, वाळूवर.
स्वागताची ओळ झेंडूच्या रंगात उघडझाप करायची,
आणि कुणी काही बघतंय न बघतंय तोच
मध्येच एक चौकट उगवायची:
नाव लिहा, नंबर लिहा, ईमेल लिहा.
तिची फुली इतकी बारीक
की कोळंबीच्या मिशीनंच दाबता यावी.

दिवाळीच्या सुट्टीत एक निळी गाडी
मिठबावच्या वळणावर थांबली.
तिथं रेंजची एक काडी मिळते,
गडग्यावर चढलं तर दोन.
मीही तिथंच होतो, पेट्रोल संपलेल्या स्कूटरपाशी.
बाई मोबाइल उंच धरून,
पुरुष तिच्या खांद्यावरून वाकलेला,
मागच्या सीटवर गाडी लागून पांढरी पडलेली मुलगी.
चाक फिरत होतं.
ते चाक मी ओळखलं. माझंच होतं.
त्यांच्या मोबाइलमध्ये समुद्र उतरत होता
थेंब थेंब,
आणि खरा समुद्र सुरूंच्या मागे
फुकट, पुरा, ताबडतोब.

सांगू शकलो असतो, इथून सरळ, मग डावीकडे.
पण स्वतःच्या चुकीसमोर उभ्या कारागिराची जीभ
कालवासारखी मिटते.
"मालवणलाच जाऊ," पुरुष म्हणाला.
धूळ खाली बसेपर्यंत मी स्कूटर पुसत राहिलो.

संध्याकाळी काकींकडे गेलो.
खोल्यांतल्या चादरी घडीच्या घडीत,
बांगड्याचं तिखलं दोघांना पुरून उरेल एवढं.
काकींनी साइट कधी पाहिलीच नव्हती.
चष्मा पदरानं पुसून त्यांनी मोबाइल हातात घेतला.
"ह्यां काय फिरता?"
"उघडतंय."
"दार उघडूक एवढो वेळ? आत कोण आंघोळ करता काय?"
मग चौकट आली.
"पाणी देवच्या आधी नंबर इचारतत?"
मी काही बोललो नाही.
त्या खाली गेल्या, अजून खाली, बोट दुखेपर्यंत,
तळाशी फोन नंबर, तोही फोटोत,
दाबला तर नुसता फोटोच.
शेवटी नकाशा.
खूण पडली होती खडपाच्या पलीकडे, भर पाण्यात.

काकी बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत होत्या.
"थंय माझो घोव गेलो," म्हणाल्या.
"मी अजून हयसरच आसय."

रात्री शटर अर्धं ओढून
मी ड्रोन काढला, गाज काढली, झेंडू काढला.
चौकट काढताना तिनं मलाच नंबर विचारला.
मग ती खूण बोटानं धरून ओढली,
पाण्यातून वर, पुळणीवरून, सुरूंमधून,
काकींच्या खळ्यापर्यंत.
एवढंसं अंतर. स्क्रीनवर अर्धा इंच.
हात मध्येच एकदा थांबला.

उरलं ते त्यांनीच सांगितलेलं, काळ्या अक्षरांत, पांढऱ्यावर:
दोन खोल्या. जेवण माशाचं, आधी सांगितलंत तर बिनमाशाचं.
भरतीला पुळणीवरची वाट बुडते, वरच्या रस्त्यानं या.
मोबाइल लागत नाही. घरच्या फोनवर करा.
वर, सगळ्यांत वर, तो नंबर.

आठवड्यानं फोन वाजला. मी तिथंच होतो, चहाला.
निपाणीहून कुणी विचारत होतं,
वायफाय आहे का?
"नाय," काकी म्हणाल्या.
मी कपाळाला हात लावला.
"वारो आसा," त्यांनी जोडलं.
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
चाक फिरत असावं.